माझदा ८०८ मध्ये १३बी रोटरी: घरच्या गॅरेजात जमेल का?

निळी_८०८ (ऑकलंड)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

माझ्याकडे १९७६ ची माझदा ८०८ कूपे आहे. निळी, मूळचं १६०० सीसीचं पिस्टन इंजिन, चार गिअर. इंजिन तेल पितं, धूर सोडतं, पण बॉडी चांगली आहे. दाराखालच्या पट्टीत गंज होता, तो कापून वेल्डिंग करून झालंय. इथे न्यूझीलंडमध्ये ८०८ दिसली की पेट्रोल पंपावरचा माणूससुद्धा एकच विचारतो, "रोटरी कधी घालतोयस?" कारण आरएक्स-३ म्हणजे हीच बॉडी, फक्त आत रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं इंजिन. त्यात मॅड माइक व्हिडेटची चार रोटरची गाडी ड्रिफ्ट करताना ऐकली आणि डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

आता एकाकडे एफसी, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ चं दोन रोटरचं १३बी टर्बो इंजिन मिळतंय. सिरीज ५, म्हणजे १९८९ ते ९१ मधलं. सोबत गिअरबॉक्स, वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर). इंजिन त्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून आहे. "काढलं तेव्हा चालू होतं" असं तो म्हणतो. मी माझा नेहमीचा कॉम्प्रेशन गेज घेऊन गेलो होतो. दोन्ही रोटरना १०० पीएसआयच्या आसपास दाखवलं. म्हणजे ठीक ना?

अनुभव म्हणाल तर नाशिकला मामाच्या गॅरेजमध्ये पद्मिनीचं इंजिन उतरवणं, भरणं केलेलं आहे. इथे भाड्याच्या घरात एका गाडीपुरतं गॅरेज आहे, इंजिन क्रेन मित्राची आहे, वेल्डिंग येतं. विचारायचंय ते असं: हे घरी होण्यासारखं आहे का? टर्बो ठेवू, की काढून कार्बोरेटर लावू? आणि गिअरबॉक्स हाच घालू का?

बायकोला अजून सांगितलेलं नाही. ती इथे वाचत नाही, तेव्हा बिनधास्त लिहा.

---

याराकाठचा (मेलबर्न)

बायको वाचत नसेल, पण माझी वाचते आणि दोघी एकाच भिशीत आहेत. बघ बाबा.

आमच्याकडे व्हिक्टोरियात इंजिन बदललं की व्हॅस (सरकारमान्य) इंजिनिअरचं सर्टिफिकेट लागतं. तो पहिला प्रश्न ब्रेकचा विचारतो. ८०८ ला मागे ड्रम आणि पुढे बशीएवढ्या डिस्क. त्यावर २०० हॉर्सपॉवरचं टर्बो इंजिन? माझा सल्ला, टर्बो विसर.

तयार आरएक्स-३ घे म्हटलं असतं, पण चांगल्या गाडीची किंमत आमच्याकडे केव्हाच सहा आकडी झाली. १९८३ मध्ये ॲलन मोफॅटने आरएक्स-७ घेऊन ऑस्ट्रेलियन टूरिंग कार चॅम्पियनशिप जिंकली, तेव्हापासून इथल्या लोकांना रोटरीचं वेड आहेच. आता त्यात निवृत्तीचा पैसा आलाय.

हॅमिल्टनचे उद्यमनगर काका आहेत का इथे? हे त्यांचं खातं.

---

उद्यमनगर (हॅमिल्टन)

आहे की. काल रात्री वाचलं, पण मोबाइलवर एवढं टायपायचं म्हणजे अंगठे दुखतात. आता कॉम्प्युटरवर बसलोय.

निळ्या, इंजिन बसवणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम. १३बी आकारानं एवढंसं असतंय की ८०८ च्या बॉनेटखाली ठेवलं की आजूबाजूला हात फिरवायला जागा उरते. लोक त्यालाच भुलतात. मी कोल्हापूरचा, शिवाजी उद्यमनगरात शेतीपंपांच्या इंजिनांचे लायनर होन करून आणि क्रँक घासून हात तयार झालेले. इथं माझ्याकडं सत्तरच्या दशकातली माझदा १३०० आहे, तिच्यात १२ए, म्हणजे १३बी चा धाकटा भाऊ, बसवलंय, सर्टिफिकेटची प्लेट लागलेली आहे, रोजच्या रस्त्यावर पळते. त्या जोरावर बोलतोय.

तुझा क्रम उलटा आहे. तू इंजिनापासनं सुरुवात करतोयस. आधी सर्टिफायरला फोन, मग ब्रेक, मग तेलाचा कूलर, आणि इंजिन सगळ्यात मागनं.

सर्टिफायर का, तर ताकद दुप्पट करणारं इंजिन घातलं की आपल्याकडं एलव्हीव्ही सर्टिफिकेट, म्हणजे बदललेली गाडी तपासून सर्टिफायर देतो ते, लागणारच. ते नसलं तर रस्त्यावर चालवायचं वॉरंट ऑफ फिटनेस मिळणार नाही, आणि विमावाला क्लेमच्या वेळी हात वर करणार. गाडी तयार झाल्यावर त्याला बोलावलंस तर तो म्हणेल हा क्रॉसमेंबर असा कापायचा नव्हता, हे वेल्डिंग मला आतनं बघायचं होतं. आधी बोलावलंस तर कागदावर लिहून देतो काय चालेल आणि काय नाही. माझ्यावाल्यानं माउंट, ब्रेक, प्रॉपशाफ्ट आणि आवाज, चारही आधीच सांगून टाकलं. आवाजाचं हलक्यात घेऊ नकोस. रोटरीला व्हॉल्व्ह नाहीत, एक्झॉस्टचं भोक एकदम उघडतंय, त्यामुळं धमाका थेट पाइपात. दोन दोन सायलेन्सर लावून पण शेजारी खिडकी बंद करतो.

आता तुझे १०० पीएसआय. त्या आकड्याला अर्थ नाही. रोटरला तीन बाजू असतात आणि प्रत्येक बाजू आपलं कॉम्प्रेशन वेगळं करते. साध्या गेजमध्ये एकदिशा व्हॉल्व्ह असतोय, तो सगळ्यात मोठा आकडा पकडून बसतो. तीन भावांतल्या कमावत्याचा पगार सांगून घर झकास चाललंय म्हणण्यातली गत. बाकीच्या दोन बाजू मेलेल्या असल्या तरी गेज १०० च दाखवणार.

करायचं असं. गेजच्या नळीतला तो बारका व्हॉल्व्ह काढून टाक. चारही प्लग काढ. गेज खालच्या प्लगच्या भोकात लाव. खालचा तो लीडिंग, वरचा ट्रेलिंग. इंजिन जमिनीवर असलं तरी गिअरबॉक्स जोडलेला असेल तर स्टार्टर त्याच्यावरच बसतोय, बॅटरी लावून फिरवता येतं. सुई उड्या मारेल. मोबाइलवर स्लो मोशन लाव आणि बघ, तिन्ही उड्या सारख्या येतात का. कान पण लाव. चांगलं इंजिन फुस-फुस-फुस असं एका तालात बोलतं. एक फुस गायब झाली की ताल मोडलेला लगेच कळतो. माझदाच्या मॅन्युअलप्रमाणं या इंजिनाला २५० आरपीएमवर कमीत कमी ६ किलो, म्हणजे ८५ पीएसआय, आणि बाजू-बाजूत फरक दीड किलोच्या वर नको. नेमके आकडे हवे असतील तर रोटरीचा डिजिटल टेस्टर असलेल्या वर्कशॉपमधनं चाचणी करून घे. त्याचे पैसे वाचवू नकोस.

आणि हे नक्की करच: एक्झॉस्ट मॅनिफोल्ड उतरव. समोर दोन मोठी भोकं दिसतील. टॉर्च धर, आणि दुसऱ्याला पुढच्या पुलीवरनं शाफ्ट सावकाश फिरवायला सांग. शाफ्ट तीनदा फिरला की रोटर एकदा फिरतो, म्हणून घाई नको. रोटरचं टोक भोकासमोर आलं की तिथं दोन मिलिमीटर रुंदीची पट्टी दिसेल. तेच एपेक्स सील, दाब अडवून धरणारं. लाकडाची काडी घे, स्क्रू ड्रायव्हर अजिबात नको, आणि सील हलकं दाब. आत जाऊन टुणकन बाहेर आलं पाहिजे. दोन रोटर, सहा सील, सहाही बघ. जे दबतच नाही ते काजळीत अडकलंय, जे दबून तसंच राहतं त्याची स्प्रिंग गेलीय. तिथंच हाउसिंगची, म्हणजे रोटर ज्यात फिरतो त्या कवचाची, आतली भिंत पण दिसते. ती आरशासारखी हवी.

याला इतकं का जपायचं, तर आपल्या उद्यमनगरी डोक्याला पटत नाही अशी एक गोष्ट या इंजिनात आहे. लायनर झिजला, बोअर मारा, ओव्हरसाइझ पिस्टन घाला, असं इथं नाही. हाउसिंग ॲल्युमिनियमचं, आत क्रोमचा थर. तो थर उडाला की लेथवर लावून काही होत नाही, हाउसिंगच बदलायचं. बाजूच्या बिडाच्या प्लेटा लॅप करता येतात, हाउसिंगचं तसं नाही. म्हणजे जुनं १३बी घेताना तू खरं तर दोन हाउसिंग विकत घेतोस, बाकी सगळं त्यावर फुकट.

भिंतीवर आडव्या बारीक लाटा दिसल्या तर समजायचं सील थरथरत होतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला हिरोशिमात केनिची यामामोटो आणि त्यांचे ४७ इंजिनिअर याच लाटांनी बेजार झाले होते. सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे त्याला. शेवटी कार्बन आणि ॲल्युमिनियमचं सील काढलं तेव्हा १९६७ ची कॉस्मो रस्त्यावर आली. असो, भरकटलो.

माउंट. एफसीच्या इंजिनाचे माउंट बाजूला असतात, तुझ्या गाडीच्या पिढीत ते पुढच्या कव्हरवर असायचे. म्हणून लोक १३बी ला जुन्या १२ए चं पुढचं कव्हर चढवतात. डिस्ट्रिब्युटर पण बसतो, जो कार्बोरेटरवाल्याला लागतोच. पण कव्हर काढायचं म्हणजे पुढचा मोठा बोल्ट ढिला करायचा, आणि तिथं गोम आहे. बोल्ट निघताना शाफ्ट मागं सरकला तर आतलं थ्रस्ट बेअरिंग जागेवरनं खाली घसरतंय. ते तुला दिसत नाही, तू बोल्ट परत आवळतोस, आणि बेअरिंग स्पेसरखाली चिरडतंय. तेव्हा शाफ्ट पूर्ण वेळ पुढं दाबून धरायला एक माणूस ठेव. आवळून झाल्यावर डायल गेज लावून शाफ्टची पुढं-मागं चाल मोज. ०.०४ ते ०.०७ मिलिमीटर पाहिजे, ०.०९ च्या वर नाही. चालच नाही असं गेज म्हणालं तर उघड परत.

फ्लायव्हीलचा नट ५४ मिलिमीटरचा. घरातल्या कुठल्याच पान्याला दाद देत नाही. ३/४ इंची ड्राइव्ह, जाड सॉकेट, वर माणसाएवढा पाइप, आणि फ्लायव्हील फिरू नये म्हणून बेलहाउसिंगच्या बोल्टाला अडकवलेली लोखंडी पट्टी. नट निघाला म्हणजे संपलं असं नाही. फ्लायव्हील टेपरवर बसलेलं असतं, चावी घालून, ते सुटताना बंदूक उडाल्यासारखा आवाज करतं. म्हणून नट पूर्ण काढू नकोस, दोन-चार आट्यांवर ठेव, नाहीतर फ्लायव्हील पायावर. परत बसवताना ४०० ते ४९० न्यूटन मीटर.

तेल. रोटरीची जवळजवळ एक तृतीयांश उष्णता तेल वाहून नेतं. कूलर म्हणजे शोभेची वस्तू नव्हे, तो दुसरा रेडिएटर आहे. ८०८ च्या नाकात त्याला वारा मिळेल अशी जागा आधी शोध, मग रेडिएटर कुठला ते ठरव. एकदा नीट तापलं की बिडाच्या प्लेटा आणि ॲल्युमिनियमचं हाउसिंग वेगवेगळे फुगतात, पाण्याचे सील जातात, आणि सकाळी सुरू करताना पांढरा धूर. शेडमधलं इंजिन सुरू करून बघता आलं असतं तर रेडिएटरचं झाकण उघडून बुडबुडे येतात का ते बघितलं असतं. आता ते होणार नाही, तेवढी किंमत कमी कर.

सिरीज ५ चा ऑइल मीटरिंग पंप इलेक्ट्रॉनिक आहे. मूळ ईसीयू काढलास की तो आंधळा. मग सीलना तेल पोचवायचं तर पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल मिसळायचं, शंभराला एक. ४० लिटरच्या टाकीला ४०० मिली. लुना, एम-५० चालवलेल्या माणसाला हे शिकवायला नको. जासो एफडी दर्जाचं घे, काजळी कमी होते.

टर्बो की कार्बोरेटर यावर माझं मत ठाम आहे: पहिलं वर्ष कार्बोरेटर. टर्बोवर पेट्रोल-हवेचं मिश्रण जरा पातळ झालं, ते अवेळी पेटून एकदा ठोका बसला की सील तुटतंय. तुटलेला तुकडा बाहेर जाताना हाउसिंग घासत जातो. पिस्टनवाला ठोका सहन करतो, कुरकुरतो, तुला सावध करतो. हा सांगत नाही. तुला टर्बोच पाहिजे असेल तर चांगला ईसीयू घे. लिंक आपल्या क्राइस्टचर्चचा, हॅलटेक सिडनीचा, दोघांनाही रोटरी नीट कळते. आणि ट्यूनिंग रोटरीच्याच माणसाकडं कर.

एक शेवटचं, मग जेवायला जातो. थंड इंजिन सुरू करून गॅरेजमधनं बाहेर काढायचं आणि लगेच बंद करायचं, हे या गाडीला चालत नाही. पेट्रोल सीलवरचं तेल धुऊन टाकतं आणि परत सुरूच होत नाही. घरात सगळ्यांना सांगून ठेव. म्हणजे बायकोला सांगावंच लागतंय.

---

आरएक्स८वाली (टॉरंगा)

काका, खतरनाक लिहिलंय. मी आरएक्स-८ रोज चालवते, म्हणून एक भर.

निळी_८०८, तुला कोणी ना कोणी सांगेलच की आरएक्स-८ स्वस्त मिळते, तिचं रेनेसिस इंजिन घाल. त्या फंदात पडू नकोस. इंजिन सुंदर आहे, २००३ चं इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर उगीच नाही मिळालं. पण त्याचे एक्झॉस्ट पोर्ट हाउसिंगमध्ये नाहीत, बाजूच्या प्लेटांमध्ये आहेत. म्हणजे काकांनी सांगितलेली काडी घालून बघायची युक्ती तिथे चालत नाही. शिवाय आरएक्स-८ स्वस्त विकली जाते तेव्हा बहुतेक वेळा कॉम्प्रेशन गेलेलंच असतं. ती स्वस्ताई इंजिनाच्या डबड्याची असते.

आणि पेट्रोल! माझ्या स्टॉक गाडीलाही शंभर किलोमीटरला सहज १३-१४ लिटर. कार्बोरेटरवाल्या १३बी चं तर विचारूच नकोस.

एफसीच्या इंजिनावर फ्युएल पल्सेशन डॅम्पर (पेट्रोलच्या दाबाचे झटके शोषणारा भाग) आहे का बघ, इनटेकखाली, फ्युएल रेलवर. इतक्या जुन्या डॅम्परमधून पेट्रोल गळून आगी लागल्याचे किस्से जगभरातल्या आरएक्स-७ वाल्यांकडे आहेत. टर्बो ठेवलास तर तो आणि इनटेकखालच्या सगळ्या रबरी नळ्या, एकही जुनी ठेवू नकोस. रोटरीत इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, वर-खाली. गळालेलं पेट्रोल थेट तापलेल्या एक्झॉस्टवर.

---

चिंचवडचा_फिटर (पुणे)

वाचून मजा आली. आमच्याकडे एके काळी अँबेसेडरमध्ये मॅटाडोरचं डिझेल इंजिन सर्रास बसवायचे, कोणी विचारायचं नाही. आता ते दिवस गेले. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगून टाकलं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही. त्यामुळे माझ्या पद्मिनीत रोटरीचं स्वप्न मी स्वप्नातच पाहतो.

काका, एक शंका. नॉर्टनची रोटरी मोटरसायकल होती, १९९२ मध्ये स्टीव्ह हिस्लॉपने तिच्यावर आयल ऑफ मॅनची सीनियर टीटी जिंकली. आता नॉर्टन टीव्हीएसकडे आहे. इतकं हलकं, इतकं लहान इंजिन, मग दुचाकीत का नाही टिकलं?

---

निळी_८०८ (ऑकलंड)

काका, आरएक्स८वाली ताई, खूप खूप आभार. काल संध्याकाळी जाऊन आलो. सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं, काडी आइस्क्रीमची होती.

पुढचा रोटर: तिन्ही फुस सारख्या, सुई तिन्ही वेळा ९५ च्या जवळ. सील तिन्ही टुणटुणीत.

मागचा रोटर: एक उडी ९० च्या वर, बाकीच्या दोन ६० ला अडखळतात. एक सील दाबलं तर हलतच नाही. भिंत चकचकीत आहे, लाटा नाहीत, पण प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा घातला तेव्हा अगदी कडेला, प्लेटच्या बाजूला, करंगळीच्या नखाएवढा क्रोम उडालेला दिसला. फोटो काढलाय पण धूसर आहे.

विक्रेत्याला व्हिडिओ दाखवला. आधी म्हणाला गेज खराब असेल. मग त्यानेही कान लावला आणि गप्प झाला. आता एक तृतीयांश किंमत कमी करतोय. घेऊ का सोडू?

सर्टिफायरशीही बोललो. तो म्हणाला कार्बोरेटरवर असेल तर पुढे मोठ्या डिस्क आणि योग्य मास्टर सिलिंडर हवाच, टर्बो असेल तर मागचा ॲक्सलही बदलावा लागेल आणि तो आणखी दहा गोष्टी बघेल. तेव्हा टर्बो रद्द. निदान सध्या.

---

उद्यमनगर (हॅमिल्टन)

शाब्बास. ताईंनी रेनेसिसचं बरोबर सांगितलं, तिकडं बघूच नकोस.

न हलणारं सील काजळीनं अडकलं असण्याची शक्यता जास्त, कारण शेजारची दोन जिवंत आहेत आणि भिंतीवर ओरखडा नाही. तुटलं असतं तर भिंतीनं सांगितलं असतं. प्लगच्या भोकातनं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल ओतून आठवडाभर भिजत ठेवतात, रोज थोडं फिरवतात. कधी कधी सुटतं. पण सुटेल या आशेवर पैसे मोजायचे नाहीत. तू हे इंजिन उघडून भरायचंच असं धरूनच किंमत कर. सगळे सील, स्प्रिंगा, पाण्याचे आणि तेलाचे ओ-रिंग नवीन. तो संच किती पडतोय ते आधी विचार, तेवढी रक्कम मूळ किमतीतनं वजा कर, आणि विक्रेत्याला तो आकडा सांग. एक तृतीयांश त्याच्या मनाचा हिशेब आहे.

क्रोमचं म्हणशील तर कडेला नखाएवढं उडालेलं चालवून घेतात. मधोमध, सीलच्या वाटेत असतं तर मी म्हटलं असतं हात जोड आणि घरी ये. धूसर फोटोवर मी सही करणार नाही. इंजिन उघडल्यावर नखानं तपास. कड नखाला अडकली तर तिथं सील पण अडकणार.

पुढचा रोटर चांगला आहे म्हणून फक्त मागचा उघडू, असं मनात येईल. येणारच. तसं करता येत नाही, कारण सगळं एकावर एक रचून लांब बोल्टांनी आरपार आवळलेलं असतं. मागचा उघडला की पुढच्याच्या पाण्याच्या सीलची पकड गेलीच.

गिअरबॉक्सचं राहिलं. टर्बोचा बॉक्स अंगानं मोठा आहे, ८०८ च्या तळातला गिअरबॉक्सचा बोगदा कापावा लागेल आणि सर्टिफायर त्यावर परत प्रश्न काढेल. कार्बोरेटरवर जाणार असशील तर पहिल्या पिढीच्या आरएक्स-७ चा पाच गिअरचा बॉक्स शोध आणि टर्बोवाला विकून टाक, त्याला गिऱ्हाईक लगेच मिळतं. मेरेमेरेच्या ड्रॅग स्ट्रिपवर एक चक्कर मार, पार्किंगमध्येच दोन जण विचारतील. गिअरची दांडी कुठं येते ते मात्र बॉक्स विकत घेण्याआधी फूटपट्टीनं मोज.

चिंचवडकर, तुमचं दोन ओळीत सांगतो, कारण विषय निळ्याचा आहे. रोटर आतनं तापतो आणि त्याला गार करायला तेल किंवा हवा आत न्यायलाच लागते; दुचाकीत ते जमवणं सोपं नाही. पेट्रोल जास्त पितं, धूर जास्त करतं, आणि उत्सर्जनाचे नियम कडक झाल्यावर लहान कंपनीला ते परवडलं नाही. शर्यतीत पेट्रोलचं बिल कोण बघतंय?

---

निळी_८०८ (ऑकलंड)

संचाची किंमत विचारली. वजाबाकी करून त्याला आकडा सांगितला. अर्धा तास कुरकुरला, मग म्हणाला शनिवारी ये आणि घेऊन जा, शेडमध्ये जागा हवीय. गिअरबॉक्सही त्यातच.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली तिला तीन दिवसांपूर्वीच कळलंय, मेलबर्नहून.

काका, एक विनंती. पुढचं कव्हर काढताना शाफ्ट दाबून धरायला माणूस हवा म्हणालात. मित्राला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. रविवारी हॅमिल्टनला इंजिन ट्रेलरवर घालून आणलं तर चालेल का? डायल गेजही नाहीये माझ्याकडे.

---

याराकाठचा (मेलबर्न)

मी काही बोललो नाही. भिशीत विषय आपोआप निघाला.

---

उद्यमनगर (हॅमिल्टन)

आण की. दहाच्या आत ये, दुपारी इथं पाऊस सांगितलाय आणि माझ्या शेडचं छत अर्धंच आहे. ५४ चा सॉकेट आणि पाइप माझ्याकडं आहे, विकत घेऊ नकोस. येताना एक्झॉस्टची आणि इनटेकची सगळी भोकं चिंध्या कोंबून टेपनं बंद कर. ट्रेलरवर एक खडा आत गेला तर आपण परवापर्यंत केलेला सगळा हिशेब वाया. आणि सील, ओ-रिंगचा संच आत्ताच ऑर्डर करू नकोस. आधी उघडू, रोटरच्या खाचा मोजू, मग ठरवू दोन मिलिमीटरचंच सील चालतंय का खाच झिजलीय.

सुकट आहे का रे ऑकलंडच्या दुकानात? इकडं महिनाभर मिळालेली नाही.